ओट्यावरचं कुत्रं घरात घेताना : नियमांची पार्श्वभूमी

भाकरी घालणारं घर आणि कुत्रं पाळणारं घर यांत खान्देशात फारसा फरक कधी केलाच गेला नाही. सकाळची पहिली भाकरी, दुपारी ओट्याची सावली, रात्री गल्लीची राखण. मळ्यावर सालदाराच्या खोपीजवळही दोन-तीन कुत्री असायचीच. त्यांची लस, नसबंदी, परवाना मात्र कुणाच्याच नावावर नसे. चोरावर भुंकलं की ते 'आपलं', कुणाला चावलं की 'गल्लीचं'. रस्त्यावरचं कुत्रं रीतसर दत्तक घेण्याबद्दल आज जे वाद होतात, त्यांचं मूळ बरंचसं या सोयीस्कर मालकीत आहे.

जुना इतिहास थोडक्यात. 1832 मध्ये कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि 1834 मध्ये तिथली पांजरपोळ सुरू झाली. मारली जाणारी कुत्री ठेवायला जागा हवी, हे तिच्यामागचं एक कारण होतं. खान्देश त्याच इलाख्यात, पण इकडे पांजरपोळ म्हणजे भाकड गुरांची जागा एवढाच अर्थ रुजला. कुत्र्यांच्या वाट्याला पुढची कित्येक दशकं पालिकेचा चिमटा आणि विषाची गोळी आली.

कुत्रं उंबऱ्याच्या आत घ्यायला घरातली जुनी माणसं नाही म्हणतात, त्यामागे पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती असते आणि ती खोटी नाही. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस देशात 2004च्या अखेरीपर्यंत वापरात होती. आता दंडात 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, किंवा त्वचेत 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी डोस देतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची, हे त्याआधी. चावणारं कुत्रं घरचं असलं तरी यातलं काही वगळायचं नाही.

खरा बदल डिसेंबर 2001च्या केंद्रीय नियमांनी झाला. सरसकट मारणं बंद झालं. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा, अशी पद्धत आली. मार्च 2023 मध्ये जुन्यांच्या जागी नवे नियम आले, पण 'तिथेच सोडा' कायम राहिलं. सहा महिन्यांखालच्या पिल्लाची नसबंदी करायची नाही, पिल्लं अंगावर पिणाऱ्या मादीला उचलायचं नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. त्यामुळे दोन महिन्यांचं पिल्लू आणणाऱ्या घराने पुढची शस्त्रक्रिया आपल्याच खर्चात धरावी.

'तिथेच सोडा' या शब्दांनी मोठा गोंधळ केला. रस्त्यावरचं कुत्रं जागेवरून हलवणंच बेकायदा, म्हणजे घरी नेणंही बेकायदा, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. ती अट नसबंदी करून कुत्रं परत सोडणाऱ्या यंत्रणेवर आहे. 2001च्या नियमांनीच पाळीव आणि रस्त्यावरची असे दोन गट केले होते आणि पाळीव कुत्र्याची लस, नसबंदी, परवाना मालकाच्या गळ्यात टाकले होते. एका गटातून दुसऱ्यात जाण्याची रीतसर वाट मात्र बराच काळ धूसर राहिली.

ती वाट ऑगस्ट 2025 मध्ये ठळक झाली, आणि तीही वादातून. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा, परत न सोडण्याचा आदेश दिला. देशभर ओरड झाली. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला: नसबंदी आणि लसीनंतर कुत्रं मूळ जागी सोडावं, रेबीजबाधित किंवा आक्रमक असेल तर नाही. प्रकरणात सगळ्या राज्यांनाही ओढलं गेलं. त्याच आदेशातल्या, कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या ठरावीक जागांवर सगळ्यांनी वाद घातला. दत्तकाच्या कलमाकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. पालिकेकडे अर्ज करा, ठरलेल्या कुत्र्याला खूण करून ते तुमच्या ताब्यात मिळेल. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी तुमची.

शेवटची अट खान्देशातल्या घराला सगळ्यांत जड जाते. दूधवाला, सिलिंडरवाला, शिकवणीची पोरं, शेतावर जाणारी-येणारी माणसं. दार दिवसभर उघडंच. जे कुत्रं रात्री घरात आणि दिवसा गल्लीत फिरेल, ते या अटीत बसत नाही. ओट्यावर प्रेमाने सांभाळणाऱ्यांनाच ही अट बाहेर ठेवते, अशी तक्रार होते आणि तीत तथ्य आहे. तरीही अट योग्यच वाटते. महिनाभर पोसून पुन्हा रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्याला जुनी टोळी आत घेत नाही आणि नवं घर राहिलेलं नसतं.

7 नोव्हेंबर 2025च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून तिथे परत न सोडण्याचं ठरलं. म्हणजे भुसावळसारख्या जंक्शनवर वाढलेली मोठी कुत्रीही आता घर शोधणाऱ्यांत आली. गजबजलेल्या घरासाठी कान खाचलेलं (म्हणजे नसबंदी झालेलं), दोन वर्षांपुढचं असं कुत्रं पिल्लापेक्षा बरं. गर्दी-आवाजाला ते सरावलेलं असतं आणि स्वभाव आधी पारखता येतो.

अर्ज पालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्यावा, पोच घ्यावी, लसीचं प्रमाणपत्र जपून ठेवावं; परवान्यालाही तेच लागतं. कुत्र्याला लस दिली म्हणजे त्याच्या शरीरात आधीच शिरलेला रेबीज थांबत नाही आणि त्याची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, महिनेही लागतात. म्हणून सुरुवातीला लहान मुलांना कुत्र्याजवळ एकटं सोडू नये.

कुत्रं पळतं ते बहुतेक पहिल्या काही दिवसांत, आपल्या जुन्या जागेकडे. दाराआड कमरेएवढं जाळीचं दुसरं फाटक लावावं. गळपट्टा मागे सरकून मान काढल्यावर निसटतो, म्हणून बाहेर नेताना छातीचा पट्टाही हवा आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. साखळीला बांधून ठेवलं की पळणं थांबतं, चावणं वाढतं.

घरात आधीचं पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं असेल तर फरशी एका भागाला तीस भाग पाणी घातलेल्या ब्लीचने धुता येते. मातीच्या अंगणाला तो उपाय नाही. तिथे विषाणू अनेक महिने टिकतो, म्हणून लसीचे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू अशा अंगणात आणू नये. गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावण्याची सवय मोडायला हवी. ते चाटून विषबाधा होते. गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी गोचिडताप उमटतो: कुत्रं खात नाही, ताप येतो, कधी नाकातून रक्त. रक्ततपासणी लगेच करावी.

उरलंसुरलं ताटात वाढणाऱ्या घरात भरीत आणि शेवभाजी बाजूलाच राहू द्यावी. कांदा, कांद्याची पात आणि लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. भाकरी चालते, पण नुसती नको; सोबत अंडं किंवा बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन द्यावं. घरात माणसं दहा असली तरी वाढणारा हात एकच ठरवावा, नाहीतर प्रत्येक जण थोडं थोडं घालतो आणि कुत्रं जेवलं की नाही हेच कळत नाही. आजाराची पहिली खूण तिथेच हुकते.