गिलवेलची जमीन आणि रबराचा पैसा

वुड बॅज, म्हणजे स्काऊटमास्तरांच्या प्रशिक्षणाचा बिल्ला, मिळालेल्या स्काऊटमास्तरांच्या गिलवेल स्कार्फवर, पाठीवर येणाऱ्या टोकाशी, चौकटीच्या कापडाचा एक लहानसा तुकडा शिवलेला असतो. पुढे लोंबणाऱ्या लाकडी मण्यांची गोष्ट शिबिराच्या शेकोटीवर हमखास निघते. ती झुलू राजाची माळ, ती भेट मिळाली की त्याच्या सोडलेल्या झोपडीतून उचलली, हा वादही निघतो. पाठीवरच्या तुकड्याचं मात्र कुणी विचारत नाही. तो मॅक्लारेन या स्कॉटिश घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे त्या घराण्याच्या खास चौकटीच्या कापडाचा आहे. स्काऊट चळवळीला लंडनजवळचं गिलवेल पार्क विकत घेऊन देणारा विल्यम डी बॉइस मॅक्लारेन याच घराण्यातला.

हा माणूस रबराचा व्यापारी. प्रकाशनाचा धंदाही होता, आणि १९१३ साली त्याने रबराच्या झाडावर एक पुस्तकही लिहिलं. ब्राझीलमधून रबराचं बी १८७६ साली लंडनला आलं आणि तिथून रोपं सिलोन, सिंगापूरकडे गेली. पुढची तीसेक वर्षं त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. मग मोटारी आल्या, टायर आले, आणि १९१० साली रबराचे भाव असे भडकले की लंडनमध्ये मळ्यांच्या शेअरवर लोकांच्या उड्या पडल्या. मलायातल्या मळ्यांवर पहाटे झाडाला खाच पाडून वाटीत चीक धरणारे हात बहुतेक तमिळ मजुरांचे होते. गिलवेलची गोष्ट सांगताना त्यांचा उल्लेख होत नाही. तो व्हायला हवा असं मला वाटतं.

मॅक्लारेनची दुसरी ओळख म्हणजे स्कॉटलंडमधल्या रोझनीथचा स्काऊट कमिशनर. या शब्दावर आपल्याकडे हमखास घोळ होतो. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात जिल्ह्याचा मुख्य अधिकारी म्हणजे डेप्युटी कमिशनर. आज आयुक्त म्हटलं की महापालिका नाहीतर पोलीस. त्यामुळे ‘डिस्ट्रिक्ट कमिशनर मॅक्लारेन’ असं वाचलं की डोळ्यांसमोर लाल दिव्याची गाडी उभी राहते, निदान घोड्यावरचा साहेब तरी. प्रत्यक्षात स्काऊटमधलं हे पद बिनपगारी. कुणी दुकान सांभाळून, कुणी कारखाना सांभाळून पथकांना भेटी द्यायच्या, नवे स्काऊटमास्तर शोधायचे, आणि वेळ पडली की स्वतःचा खिसा हलका करायचा. आपण ‘स्काऊट आयुक्त’ असं भाषांतर केलं ते शब्दाला धरून बरोबरच आहे, पण त्यातला स्वयंसेवक दिसेनासा झाला. इंग्रजीतही हा शब्द सरकारी वासाचाच आहे. चळवळ सैन्यातून आलेल्या बेडन-पॉवेलने काढली, हुद्दे तसेच पडले.

धंद्यासाठी लंडनला गेला की मॅक्लारेनला ईस्ट एंडमधली पोरं दिसत. गोदीकामगारांची वस्ती, घराला घर चिकटलेलं, आणि स्काऊटच्या पोरांना तंबू ठोकायला मोकळी जागा नाही. त्याने मुख्यालयाला कळवलं. बेडन-पॉवेलने पूर्व लंडनच्या कमिशनरला त्याच्याकडे धाडलं, आणि २० नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्ध थांबून नऊच दिवस झालेले असताना, रोझनीथच्या घरी रात्रीच्या जेवणावर सात हजार पौंड कबूल झाले.

लंडनजवळची एपिंग आणि हेनॉल्ट ही दोन जंगलं रोव्हर पोरांनी, म्हणजे वयाने मोठ्या स्काऊटांनी, पालथी घातली. जागा मिळेना. शेवटी एका तरुण सहायक स्काऊटमास्तरने आपली पक्षी बघायला जायची जागा सुचवली. ती गिलवेल हॉलची इस्टेट, ५३ एकर, मोडकळीला आलेली. किंमत सात हजार पौंड. हा योगायोग इतका नेमका आहे की सांगणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

१७ एप्रिल १९१९, गुड फ्रायडेच्या आदला दिवस. रोव्हर पोरं साफसफाईला पोचली तर जमीन इतकी भिजलेली की तंबूची खुंटी धरेना. बागेतल्या माळ्याच्या खोपटात सगळे झोपले. त्या खोपटाला त्यांनी ‘डुकरांचा गोठा’ असं नाव दिलं. मॅक्लारेन स्वतः वारंवार येऊन डागडुजीला हात लावायचा. घराची अवस्था पाहून त्याने आणखी तीन हजार पौंड दिले.

आता वादाचा मुद्दा. त्याची मूळ तळमळ पोरांच्या मैदानाची होती. बेडन-पॉवेलला तिथे स्काऊटमास्तरांचं प्रशिक्षणही हवं होतं. दोन्ही झालं, आणि पुढेही दोन्ही चालत राहिलं. पण २६ जुलै १९१९ ला फीत कापली आणि ८ सप्टेंबरला वुड बॅजचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून जगभर ‘गिलवेल’ म्हणजे प्रशिक्षण असाच अर्थ रूढ झाला. आपल्या पचमढीच्या केंद्रातून ‘हिमालय वुड बॅज’ घेऊन येणारे शिक्षक याच परंपरेतले. मोठ्यांना शिकवल्याशिवाय पोरांचं पथक टिकत नाही हे खरंच आहे. तरी हा निर्णय देणगीदाराच्या मूळ इच्छेवर थोडा स्वार झाला, हेही नाकारता येत नाही. त्याने कुरकुर केल्याचं मात्र दिसत नाही. उद्घाटनाच्या दिवशी बायकोच्या हस्ते फीत कापली गेली, त्याला सिल्व्हर वुल्फ हा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि जून १९२१ मध्ये तो गेला.

त्याच्या स्मरणार्थ सुरुवातीला अख्खा स्कार्फच त्या टार्टनचा केला होता. कापड महाग पडायला लागलं. मग साधा स्कार्फ आला आणि टार्टनचा फक्त तुकडा उरला.