अबूच्या वानरी आणि माणसाचे बाळ

गावाबाहेरच्या वडा-पिंपळांवर उड्या मारणारे काळ्या तोंडाचे वानर महाराष्ट्राला इतके परिचित आहेत, की टोळीतल्या दांडग्या नराला मराठीने ‘हुप्प्या’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. याच वानरांच्या निरीक्षणातून माणसाच्या उत्क्रांतीविषयीचा एक मूलभूत प्रश्न पुढे आला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

1960 च्या दशकाच्या आरंभी जपानी संशोधक युकिमारू सुगियामा कर्नाटकातल्या धारवाडजवळच्या रानात वानरांचा अभ्यास करत होते. बाहेरून आलेल्या नरांनी एका टोळीतल्या हुप्प्याला हुसकावून लावले आणि त्यानंतर टोळीतली अंगावर पिणारी पिले एकामागून एक मारली गेली, असे त्यांनी नोंदवले. प्राणी आपल्या जातीच्या भल्यासाठी वागतात, अशी समजूत तेव्हा रूढ होती. त्यामुळे अनेकांनी या प्रकाराला गर्दीच्या ताणातून आलेली विकृती ठरवले. हार्वर्डची विद्यार्थिनी सारा ब्लाफर हर्डी 1971 मध्ये राजस्थानातल्या माउंट अबूला आली, ती हेच स्पष्टीकरण तपासण्यासाठी.

पुढच्या काही वर्षांत हर्डी यांना वेगळेच चित्र दिसले. पिलांवर हल्ले होत ते केवळ दाटी होती म्हणून नव्हे, तर प्रामुख्याने टोळीचा हुप्प्या बदलला की होत, आणि हल्ला करणारा नर नव्याने आलेला असे. पिलू अंगावर पीत असेपर्यंत वानरी सहसा पुन्हा माजावर येत नाही. हुप्प्याचे राज्य मात्र सरासरी दोन-अडीच वर्षेच टिकते. परक्याचे पिलू नाहीसे झाले की वानरी लवकर गाभण राहू शकते, आणि असे वागणाऱ्या नरांची संतती अधिक उरते. असा कोणताही हिशेब हुप्प्याच्या डोक्यात असावा लागत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीत होतो. या मांडणीवर अनेक वर्षे कडाक्याचा वाद झाला. पुढे नेपाळच्या तराईतल्या रामनगर येथील वानरांच्या डीएनएची तपासणी झाली आणि 1999 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हल्ला करणारा नर पिलाचा बाप नव्हता, आणि त्या मादीच्या पुढच्या पिलाचा बाप बहुधा तोच होता.

माझ्या मते हर्डी यांचे खरे मोठेपण यापुढचे आहे. तोवरच्या वर्णनांत माद्या बहुतेक पार्श्वभूमीलाच असत. हर्डी यांनी त्यांच्याकडे तितक्याच बारकाईने पाहिले. गाभण वानरीसुद्धा नव्या हुप्प्याला समागमासाठी खुणावत, ज्यामुळे पिलाचा बाप कोण याविषयी संभ्रम राहत असावा. सोल असे नाव दिलेली एक म्हातारी वानरी, जिचे पिले होण्याचे वय उलटले होते, टोळीतल्या पिलावर हल्ला करणाऱ्या नराच्या अंगावर धावून जात असे. आणि नुकतेच जन्मलेले पिलू पहिल्याच दिवशी आईकडून दुसऱ्या माद्यांच्या हाती जाई. या टोळ्यांतल्या माद्या बहुधा जन्मभर एकत्र राहणाऱ्या नातलग असतात, त्यामुळे हा विश्वास शक्य होतो.

आपली सर्वांत जवळची नातलग चिंपांझी, पण तिची मादी कित्येक महिने पिलू दुसऱ्याच्या हाती सोडत नाही. माणसाची आई मात्र बाळ आजीकडे, मावशीकडे, थोरल्या बहिणीकडे सहज देते. वानरांचा आणि आपला वंश सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, तेव्हा ही सवय दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाली असे म्हणता येत नाही. ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे आली असावी. मग आपल्याकडे ती का आली, हा प्रश्न हर्डी यांनी नंतरच्या लेखनात केंद्रस्थानी आणला.

त्याचे एक उत्तर आकड्यांत दिसते. चिंपांझीच्या दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षांचे, ओरांगउटानच्या सात-आठ वर्षांचे अंतर असते. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी समाजांत ते तीन-चार वर्षांवर येते. माणसाचे मूल तर या सगळ्यांपेक्षा अधिक काळ परावलंबी राहते. पहिले स्वतःचे पोट स्वतः भरू लागण्याआधीच दुसरे जन्माला येते, ते एकट्या आईच्या बळावर जगणे कठीणच. टांझानियातल्या, अशाच शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की मूल होण्याचे वय उलटलेल्या बायका तासन्‌तास जमीन खणून कंद काढतात, आणि धाकट्या बाळात आई गुंतलेली असताना थोरल्या नातवंडांचे पोट या आजीच्या कंदांवर भरते.