कॉलरा: जुलाब थांबत नसले तरी पाणी पाजत राहा

कॉलरा म्हणजेच पटकी. व्हिब्रिओ कॉलरी हा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू विष्ठेतून पाण्यात आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात जातो. संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, पण जिवाणू त्यांच्याही विष्ठेतून बाहेर पडत असतात. त्यामुळे पहिला रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तोवर साथ बरीच पसरलेली असते. पाण्यात क्लोरीन टाकायचं तर आधी गाळून घ्या, कारण गढूळ पाण्यातला गाळच क्लोरीन संपवतो, आणि मग अर्धा तास थांबा.

हा जिवाणू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतो. त्या विषामुळे पेशींतून क्लोराइड बाहेर वाहू लागतं, त्यामागे सोडियम आणि पाणी. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब होतात, कधी तासाला लिटरभर. डोळे खोल जातात, लघवी बंद होते, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. उपचार मिळाले नाहीत तर असा रुग्ण काही तासांत दगावतो.

पण त्याच पेशींवर ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारी एक वाट असते आणि ती विषामुळे बंद पडत नाही. या जोडीपाठोपाठ पाणीही आत जातं. जलसंजीवनी, म्हणजे साखर-मिठाचं पाणी (ओआरएस), चालते ती याच वाटेनं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आत आलं.

ओआरएसचं पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा शिगोशीग भरू नका. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जाऊन जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट पाजा.

हे पाणी जुलाब थांबवत नाही, गेलेलं भरून काढतं. जुलाब चालूच आहेत म्हणून पाजणं सोडणं ही सगळ्यांत घातक चूक. रुग्ण ग्लानीत गेला किंवा त्याला पिता येईना, तर शिरेतून रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइन लागतं: किलोमागे 100 मिलि. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 3 तासांत 5 लिटर, त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासातच. घोट गिळता येऊ लागला की सलाइन चालू असतानाच ओआरएसही सुरू करायचं.