पकडली म्हणजे हाताळली नव्हे

डॉक्युमेंटेशनसाठी आलेले कोडचे नमुने तपासताना एक शेरा मी इतक्यांदा लिहिलाय, की आता तो कीबोर्डच्या शॉर्टकटलाच टाकून ठेवलाय : "एरर पकडलीय, हाताळलेली नाही." त्यावर उत्तरही ठरलेलं. "सर, ट्राय-एक्सेप्ट घातलंय की!" घातलंय, दिसतंय. भांडण त्याचंच आहे.

ट्राय-एक्सेप्ट ही पायथॉन भाषेतली सोय : ट्रायमधल्या कोडमध्ये एरर आली, की प्रोग्राम न थांबता एक्सेप्टमधला कोड चालतो. ते कसं लिहायचं ते सगळ्यांना येतं, ते सोडा. एरर आणि एक्सेप्शन या शब्दांतल्या फरकावरही मला वेळ घालवायचा नाही. नमुन्यात दोन्ही एकाच अर्थानं वापरले तरी कुणाचं काही बुडत नाही. बुडतं ते पकडणं आणि हाताळणं एकच समजल्यानं.

बुडण्याचं उदाहरण शोधायला कोल्हापुरात लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात इथं ज्याच्या त्याच्या तोंडी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी असते : ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. समजा, नमुन्यातलं एक फंक्शन फाइलमधून ही पातळी वाचतं आणि दुसरं ती ३९ शी ताडून इशारा देतं. लिहिणाऱ्यानं पहिल्यात ट्राय घातलं, खाली कुठली एरर ते न सांगता नुसतं एक्सेप्ट आणि त्यात 'रिटर्न ०', म्हणजे उत्तर म्हणून शून्य द्या. एके दिवशी फाइलच आली नाही. फंक्शननं शून्य दिलं, शून्य ३९ पेक्षा कमी, म्हणजे सगळं आलबेल. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या दिवशीही हा कोड नदी कोरडी असल्याचंच सांगत बसला असता. प्रोग्राम कोसळला नाही, याचंच लिहिणाऱ्याला समाधान! दुखणं अंगावर काढणं म्हणतात ते हेच.

ट्राय घातलंच नसतं तर? फाइल सापडली नाही म्हणून प्रोग्राम थांबला असता, कुठल्या ओळीवर तेही सांगून. खोट्या ट्राय-एक्सेप्टपेक्षा उघड कोसळणारा नमुना मला केव्हाही चालतो.

हाताळणं म्हणजे एक्सेप्टनंतरची ओळ ज्यावर विसंबून आहे ते अजून खरं आहे का, याची काळजी घेणं. तासाभरापूर्वीचं माप वापरता येईल, पण ते किती वाजताचं हे सांगून. तेही नसेल तर एरर वर, म्हणजे आपल्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे पाठवायची, आपल्याकडची माहिती जोडून : कुठली फाइल, कुठला बंधारा. पायथॉनमध्ये एरर वर पाठवणाऱ्या 'रेज'ला 'फ्रॉम' जोडता येतं ते त्यासाठीच, मूळ कारण हरवत नाही. काही जण शून्याऐवजी 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') परत करतात आणि स्वतःवर खूश होतात. मग ३९ शी तुलना करताना टाइप एरर येते, तीही दुसऱ्याच फंक्शनात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पकडायची तर नेमकी पकडा. फाइल नसणं वेगळं आणि फाइलमध्ये आकड्याच्या जागी 'बंद' लिहिलेलं असणं वेगळं. पहिल्यात थोड्या वेळानं पुन्हा बघता येतं, दुसऱ्यात कुणाला तरी फोन लावावा लागतो. (देवनागरीत '४३' लिहिलं तर मात्र पायथॉन ते बिनतक्रार वाचतं, करून बघा.) आणि नुसत्या एक्सेप्टमध्ये तुम्ही प्रोग्राम थांबवायला दाबलेलं कंट्रोल-सीसुद्धा अडकतं.

जावास्क्रिप्टवाल्यांची तऱ्हा उलटी. सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या फेचला कॅच (त्यांचं एक्सेप्ट) लावून ते निर्धास्त. पण सर्व्हरनं ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) दिलं तरी फेचच्या लेखी उत्तर आलं, काम झालं. कॅचपर्यंत काही पोचतच नाही. रिस्पॉन्सचं 'ओके' आपण तपासायचं असतं. गो भाषेत फंक्शन एररही उत्तरासोबत परत देतं; तिच्या जागी अंडरस्कोर टाकून ती फेकून देणारेही आहेत, पण तिथं निदान चोरी उघड दिसते.

जागा पुरत नाही, हे कारण मला मान्य आहे. नमुना सॉर्टिंगचा असेल तर त्यात एररचा पसारा नकोच. तेव्हा ट्राय पार काढून टाका आणि नमुन्याच्या वर एका वाक्यात तसं लिहा. फक्त रिकाम्या एक्सेप्टमध्ये 'इथे एरर हाताळा' अशी कॉमेंट ठेवू नका. वाचणारा नमुना उचलतो तो कॉमेंटसकट. मध्यंतरी एका चालू प्रोजेक्टमध्ये ती मला सापडली, शब्दन् शब्द आमच्याच डॉक्युमेंटेशनमधली.