रीमर भोक सरळ करत नाही

छोटी इंजिनं बनवणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: ड्रिल थोडं तिरकं गेलं तरी हरकत नाही, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारला की भोक सरळ होतं. तसं होत नाही. रीमर आधीच्या भोकाच्याच वाटेने जातो. तो माप नेमकं करतो, आतली बाजू गुळगुळीत करतो, पण तिरकेपणा तसाच राहतो. मग पिस्टन सिलिंडरमध्ये एका बाजूला घासतो आणि आपण विनाकारण पिस्टनला दोष देतो.

भोक सरळ करतो तो बोअरिंग बार, म्हणजे टोकाला कापणारं टूल असलेला दांडा. 10 मिमी भोकासाठी 9 मिमीचं ड्रिल मारा, लेथवर (धातूचा तुकडा फिरवणाऱ्या यंत्रावर) या बारने 9.8 पर्यंत बोअरिंग करा, मगच रीमर. पहिल्या कटाला कान द्या: टूल अर्धा फेरा धातू कापतं, अर्धा फेरा हवेत राहतं, आवाज तुटक येतो. म्हणजे ड्रिल बाजूला सरकलेलं असतं. दोन-तीन हलके कट घेतले की आवाज सलग होतो, कारण आता भोक स्पिंडलच्या (लेथच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) अक्षावर आलेलं असतं.

बार मावणार नाही इतकं बारीक भोक असेल तर सेंटर ड्रिलने (सुरुवातीचा खळगा पाडणाऱ्या आखूड, ताठ ड्रिलने) सुरुवात करा आणि पुढचं ड्रिल शक्य तितकं आखूड वापरा. लांब ड्रिल वाकतंच.