गार्चॉम्प : स्पर्धात्मक बांधणी व वापर

गार्चॉम्प : पोकेमॉन या जपानी खेळमालिकेतील ड्रॅगन आणि ग्राउंड अशा दुहेरी टाइपचा प्राणी. टाइप म्हणजे प्राण्याचा वा माऱ्याचा प्रकार; कोणाचा मारा कोणावर किती चालतो ते त्यावरून ठरते. निंटेंडो डीएसवरील ‘डायमंड’ व ‘पर्ल’ या जोडखेळांतून तो २००६ मध्ये प्रथम आला. पोकेडेक्स या प्राण्यांच्या सूचीतला त्याचा क्रमांक ४४५. त्याचे पहिले रूप गिबल; ते २४ व्या लेव्हलला गॅबाइट होते आणि गॅबाइट ४८ व्या लेव्हलला गार्चॉम्प. कथेच्या खेळात सिनो प्रांताची चॅम्पियन सिंथिया हिचा तो हुकमी एक्का आहे, आणि अनेकांची त्याच्याशी पहिली ओळख त्याच्याकडून हरूनच होते. प्रस्तुत नोंद मात्र माणूस माणसाविरुद्ध खेळतो तेव्हाच्या गार्चॉम्पविषयी आहे. त्याचे अंक कसे वाटायचे, हातात कोणती वस्तू द्यायची, सोबत कोणाला घ्यायचे आणि कोणासमोरून त्याला बाहेर काढायचे, हे तिचे विषय.

सोलापुरात चादरीच्या जकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या कार्डांची माळ फिरते आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे दोरे उचलले जातात. म्हणजे नक्षी माग सुरू होण्याआधीच कार्डात ठरलेली असते. पोकेमॉनच्या स्पर्धेतही बरेच काही असेच आधी ठरते. लढत दहा मिनिटांत संपते. सेट, म्हणजे प्राण्याचे अंक, मूव्ह (डाव) आणि वस्तू यांची जुळणी, बसवायला मात्र कधीकधी आठवडा जातो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खेळाचा खरा गोडवा त्या आठवड्यात आहे.

मूळ अंक. गार्चॉम्पचे बेस स्टॅट, म्हणजे जातीचे मूळ गुणांक, असे : एचपी (जीवशक्ती) १०८, अटॅक १३०, डिफेन्स ९५, स्पेशल अटॅक ८०, स्पेशल डिफेन्स ८५, स्पीड १०२, बेरीज ६००. (स्पेशलचे अंक आइस बीमसारख्या, अंगबळाने न होणाऱ्या माऱ्यांना लागू.) नवख्याची नजर १३० वर जाते. जाणता खेळाडू आधी १०२ पाहतो. कारण चारिझार्ड, झॅपडॉस, सॅलमेन्स, व्होल्कॅरोना अशा कितीतरी नावाजलेल्या प्राण्यांचा बेस स्पीड नेमका १०० आहे. लेव्हल ५० च्या लढतीत या शंभरवाल्यांनी वेगात सगळे ओतले तरी त्यांचा स्पीड १६७ वर थांबतो. गार्चॉम्पचा १६९ होतो. फरक दोनाचा, पण त्या दोनामुळे तो दर वेळी आधी मारतो. वेग सारखा असता तर कोण आधी मारणार हे निव्वळ नशिबावर गेले असते. पुष्कळ ताकदवान प्राणी असतात आणि पुष्कळ चपळही असतात. पण गर्दी जिथे उभी आहे तिच्या एक पाऊल पुढे उभा असलेला, शिवाय १८३ एचपी बाळगणारा प्राणी क्वचितच सापडतो.

म्हणूनच नेचर, म्हणजे एक स्टॅट वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव, निवडताना ‘जॉली’ ही नेहमीची निवड. ती स्पीड १० टक्क्यांनी वाढवते आणि स्पेशल अटॅक तेवढाच कमी करते. स्पेशल अटॅक गार्चॉम्प सहसा वापरतच नाही. ‘अ‍ॅडमंट’ घेतली तर अटॅक १८२ चा २०० होतो, पण स्पीड १५४ वर येतो. मग शंभरवाले सगळे पुढे निघून जातातच, शिवाय बेस ९१ चा लँडोरसही जॉली असल्यास १५७ घेऊन आधी मारतो. वेग दुसरा कोणी सांभाळत असेल, म्हणजे सोबती टेलविंड (आपल्या बाजूचा वेग काही काळ वाढवणारी मूव्ह) लावत असेल, तरच अ‍ॅडमंट शोभते.

ईव्हीची वाटणी. प्रत्येक प्राण्याला एकूण ५१० ईव्ही (कमावलेले गुण) मिळू शकतात. एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त २५२. जन्मजात आयव्ही ० ते ३१ च्या दरम्यान असते आणि स्पर्धेत ती ३१ धरूनच चालतात. लेव्हल ५० ला पहिला गुण ४ ईव्हीत मिळतो, पुढचा प्रत्येक ८ ईव्हीत. त्यामुळे रूढ वाटणी ठरून गेली आहे : अटॅकला २५२, स्पीडला २५२, उरलेल्या ६ पैकी ४ कुठेतरी, आणि शेवटचे २ वाया. ‘कुठेतरी’ या शब्दात बरेच जण फसतात. सवयीने ते ४ एचपीत टाकतात. तसे का करू नये, हे प्रस्तुत लेखकाला एका लढतीत दिसले.

सोलापूरच्या पूर्व भागातले घर. पुढच्या खोलीत यंत्रमाग चालू, मागच्या खोलीत चटईवर दोन चुलतभाऊ. मे महिन्याची दुपार, त्यामुळे बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. मध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे ताट, दोघांच्या हातात मोबाइल आणि ब्राउझरमध्ये पोकेमॉन शोडाउन हे लढतींचे संकेतस्थळ. लेव्हल ५० ची सिंगल्स (एकास एक), सहातून तीन निवडायचे. धाकट्याचा गार्चॉम्प थोरल्याच्या मिलोटिक या पाण्याच्या प्राण्यासमोर उभा होता. धाकट्याने पळ काढला नाही. त्याने स्वोर्ड्स डान्स केला, अटॅक दुप्पट. मिलोटिकने आइस बीम मारला. गार्चॉम्पवर बर्फाची इजा चौपट होते. एचपीची पट्टी सर्रकन खाली आली आणि ३ वर थांबली.

“काय बे, सॅश होती का?”

“नाही अण्णा. लम बेरी आहे. चार ईव्हींनी वाचवले.”

“एचपीत?”

“स्पेशल डिफेन्समध्ये.”

(सॅश ही प्राण्याला मरता मरता वाचवणारी वस्तू; लम बेरी तसे करत नाही.) पुढच्या टर्नला, म्हणजे खेळीला, भूकंप, म्हणजे अर्थक्वेक, बसला आणि मिलोटिक गेला. थोरल्याने ताट बाजूला सारले, दुसऱ्या टॅबमध्ये डॅमेज कॅल्क्युलेटर उघडला आणि मागाच्या आवाजात मोठ्याने आकडे वाचू लागला. ते आकडे असे. मिलोटिकने स्पेशल अटॅकमध्ये काहीही गुंतवले नसेल तर लेव्हल ५० ला तो १२० असतो, आणि आइस बीमची शक्ती ९०. गार्चॉम्पचा स्पेशल डिफेन्स न वाढवता १०५, एचपी १८३. खेळ प्रत्येक फटक्याला ८५ ते १०० टक्क्यांमधला एक आकडा काढतो. म्हणजे १६ शक्यता. त्यांपैकी ३ मध्ये इजा १८४ किंवा १८८ होते आणि गार्चॉम्प मरतो. आता ते ४ ईव्ही एचपीत टाका. एचपी १८४ झाले, आणि १८४ ची इजा तरीही पुरी पडते. १६ पैकी ३ चे ३ च राहिले. तेच ४ स्पेशल डिफेन्समध्ये टाका. तो १०६ होतो, प्रत्येक पायरीची इजा किंचित उतरते आणि मरणाची शक्यता १६ पैकी १ वर येते. ३ एचपी उरले याचा अर्थ १८० ची इजा झाली होती. ज्या दोन पायऱ्यांवर ती १८० होते, त्याच दोन पायऱ्यांवर ४ ईव्ही एचपीत असते तर ती १८४ झाली असती. थोरल्याने हे वाचले आणि थोडा वेळ काही बोलला नाही.

ती उरलेली एक शक्यताही मिटवता येते. अटॅकचे २५२ कमी करून २३६ करा. अटॅक १८२ वरून १८० होतो. एचपीला १२ दिले की ते १८५ होतात, स्पेशल डिफेन्सचे ४ तसेच ठेवायचे. आता सगळ्यांत मोठी इजा १८४, आणि गार्चॉम्प त्या आइस बीममधून दर वेळी १ तरी एचपी घेऊन उभा राहतो. हिशेबात उरलेले ४ डिफेन्सला. दोन अंकांचा अटॅक देऊन मिलोटिकविरुद्धची खात्री विकत घेतली. तो सौदा परवडतो का, हे पुन्हा दुसऱ्या बाजूने तपासावे लागते : १८० अटॅकने ज्याला एका फटक्यात मारायचे होते तो अजून मरतो का? म्हणून बांधणीची सुरुवात गार्चॉम्पच्या आकड्यांपासून होत नाही. समोर कोण येणार आहे त्याच्या आकड्यांपासून होते. कोणाला मारायचे आणि कोणाचा फटका झेलायचा, अशी दोन नावे कागदावर लिहिल्याशिवाय वाटणीला हात घालू नये.

शोडाउनवर हे अंक थेट टाइप करता येतात. कन्सोलवर ते कमवावे लागतात. डेस्टिनी नॉट दिल्यास आई-बापांकडून पाच आयव्ही अंड्यातल्या पिल्लाकडे जातात. प्रोटीन, कार्बोस यांसारखी औषधे एका वेळी १० ईव्ही देतात. नेचर चुकली तर मिंट वापरून तिचा परिणाम बदलता येतो.

मूव्ह आणि वस्तू. अर्थक्वेक (शक्ती १००, अचूकता १०० टक्के) सोडून गार्चॉम्प बांधणे जवळजवळ अशक्य. आपल्याच टाइपचा असल्याने त्याला दीडपट लाभही मिळतो. जोडीला ड्रॅगन क्लॉ, फ्लाइंग प्राण्यांसाठी रॉक स्लाइड किंवा स्टोन एज, सिंगल्समध्ये स्वोर्ड्स डान्स किंवा स्टेल्थ रॉक (समोरून आत येणाऱ्याला टोचणारे दगड), डबल्समध्ये (दोनास दोन) प्रोटेक्ट, म्हणजे एक टर्न फटके अडवणारी मूव्ह. चॉइस स्कार्फ दिला तर १६९ चा स्पीड २५३ होतो आणि २०५ वर पोहोचणाऱ्या फ्लटर मेनच्याही आधी तो मारतो, पण बाहेर जाईपर्यंत एकाच मूव्हला बांधला जातो. फोकस सॅश पूर्ण एचपीवरून बसलेल्या एका फटक्यातून १ एचपीवर वाचवते. रफ स्किन ही क्षमता अंगाला भिडणाऱ्याचे १/८ एचपी खाते आणि रॉकी हेल्मेट १/६; दोन्ही असले की यू-टर्न मारून पळणाऱ्याला दोन्ही एकदम लागतात. प्रस्तुत लेखकाला हा शेवटचा सेट सर्वांत आवडतो, कारण त्यात गार्चॉम्प नुसता उभा राहूनही समोरच्याची किंमत वसूल करतो.

सोबती. गार्चॉम्पच्या तीनच दुखऱ्या जागा आहेत : आइस (चौपट), ड्रॅगन आणि फेअरी (दुप्पट). स्टील टाइप या तिन्हींची इजा निम्मी करतो. उलट स्टीलला जाळणारी आग गार्चॉम्पवर निम्मीच चालते. त्यामुळे सिझरसारखा स्टील प्राणी आणि गार्चॉम्प ही जोडी सिंगल्समध्ये वर्षानुवर्षे टिकली. बर्फाचा वास आला की सिझर आत, आगीचा आला की गार्चॉम्प आत. समोरचाही हे जाणतो, आणि मग खरी लढाई तो कोणत्या टर्नला बदली करणार हे ओळखण्याची होते. फार लवकर बदली केली तर समोरचा त्या मोकळ्या टर्नचा फायदा घेतो. उशीर केला तर प्राणीच जातो.

डबल्समध्ये एक वेगळीच अडचण येते. अर्थक्वेक आपल्या सोबत्यालाही लागतो, आणि एकाहून जास्त जणांना लागताना त्याची ताकद तीन चतुर्थांश उरते. उपाय म्हणजे ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत असा सोबती : लेव्हिटेट (तरंगण्याची क्षमता) असलेला वॉश रोटम किंवा फ्लाइंग असलेला झॅपडॉस. दोघेही पाण्याच्या प्राण्यांना विजेने मारतात, आणि आइस बीम बहुधा पाण्याच्या प्राण्यांकडूनच येतो. असा सोबती नसेल तर भूकंपाऐवजी एकालाच लागणारा ७५ शक्तीचा स्टॉम्पिंग टँट्रम ठेवतात. सेट नव्याने बसवणाऱ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच : स्वतःच्याच भूकंपात स्वतःचा हीट्रॅन गाडणे. फायर-स्टीलवर ग्राउंडची इजा चौपट होते.

वाटचाल. सुरुवातीच्या काळात गार्चॉम्प इतका भारी होता, की स्मॉगॉन या खेळाडूंच्या मंडळाने चौथ्या पिढीच्या, म्हणजे ‘डायमंड’-‘पर्ल’च्या काळातल्या खेळांच्या, नियमांत त्याला नेहमीच्या गटातून काढून ‘उबर्स’ या अतिबलाढ्यांच्या गटात टाकले. कारण नुसता अटॅक नव्हता. सँड व्हेल क्षमतेमुळे वाळूच्या वादळात १०० टक्के अचूक मूव्हसुद्धा सरासरी ५ पैकी एकदा हुकते. हातातली यॅची बेरी बर्फाची इजा एकदा निम्मी करते. आणि तेवढ्या सवडीत एक स्वोर्ड्स डान्स झाला, की पुढे कोणी उभा राहत नसे. नेम धरून खेळणाऱ्याचा नेम केवळ वाऱ्यावर हुकावा, हे खेळाडूंना सहन होत नव्हते आणि ते बरोबरच होते. पाचव्या पिढीत रफ स्किन आली आणि गार्चॉम्पला नशिबावर न विसंबणारी क्षमता मिळाली.

२०१३ मध्ये ‘एक्स’ व ‘वाय’ या खेळांत फेअरी टाइप आला. फेअरीवर ड्रॅगन मूव्ह अजिबात चालत नाही, त्यामुळे डोळे मिटून आउटरेज ही ड्रॅगन मूव्ह मारत सुटणे संपले. त्याच खेळांतला मेगा गार्चॉम्प, म्हणजे त्याचे लढतीपुरते बदललेले रूप, १७० अटॅक घेऊन आला, पण त्याचा स्पीड १०२ वरून ९२ वर घसरला. ज्या दोन अंकांवर सगळा खेळ उभा होता तेच गेले, आणि साधा गार्चॉम्पच पुष्कळांना जास्त कामाचा वाटला. २०१४ च्या वॉशिंग्टन डी. सी. येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जिंकला. लोकांना आठवते ती त्याची पाचिरिसू, कारण तिच्यासारखी लहानखुरी खार तिथवर पोहोचेल असे कोणालाच वाटले नव्हते. पण त्याच्या सहा जणांत गार्चॉम्पही होता.

नवव्या पिढीच्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’ (२०२२) या खेळांत गर्दी पुढे सरकली. फ्लटर मेन व चिएन-पाओ यांचा बेस स्पीड १३५, आयर्न बंडलचा १३६. पहिली फेअरी, उरलेले दोघे बर्फाचे. तिघेही गार्चॉम्पच्या आधी मारतात. त्यावर उतारा त्याच खेळांतल्या टेरास्टलने दिला : लढतीत एकदा, एकाच प्राण्याचा टाइप बदलता येतो. टेरा स्टील गार्चॉम्पवर आइस, ड्रॅगन आणि फेअरी तिन्ही निम्मे चालतात, आणि त्याच्या स्वतःच्या ग्राउंड व ड्रॅगन मूव्हचा दीडपट लाभ तसाच राहतो. मात्र टेरा केल्या क्षणी विजेपासूनची पूर्ण सुटका जाते, आग, फायटिंग आणि ग्राउंड दुप्पट लागू लागतात. समोर चिएन-पाओ आणि झॅपडॉस दोघे एकदम उभे असतील तर टेरा करायचा तो चिएन-पाओचा बर्फ येणार अशी खात्री असलेल्याच टर्नला. तसे नसेल तर प्रोटेक्ट दाबून एक टर्न थांबावे आणि दोघांपैकी कोण काय मारतो ते आधी पाहावे.