उर्दू-अरबी मजकूर छापायला देताय? आधी हे वाचून घ्या

निकाहची पत्रिका, दुकानाचा बोर्ड, मदरशाचं पावतीपुस्तक... जुन्या नाशकातून आणि मालेगावहून आमच्याकडे उर्दू-अरबीचं काम बरंच येतं आणि एक प्रश्न हमखास येतो, "मोबाइलवर तर बरोबर दिसत होतं, मग इथे अक्षरं का तुटली?" काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही म्हणून हे पत्रक.

कॉम्प्युटर अक्षराचं चित्र साठवत नाही, नंबर साठवतो. सगळीकडे एकच नंबर चालावा म्हणून युनिकोड आहे, त्यात अरबी लिपीचा मुख्य गट ०६०० ते ०६एफएफ, म्हणजे २५६ जागा (या नंबरांत ए ते एफ ही अक्षरंही आकडे म्हणून येतात). बे या अक्षराचा नंबर ०६२८. आता बे शब्दाच्या सुरुवातीला वेगळं दिसतं, मधे वेगळं, शेवटी वेगळं, एकटं असलं की अजून वेगळं, पण नंबर चारही वेळा तोच! कुठला आकार लावायचा ते फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून ठरवतात. आपल्या क्ष चं तेच आहे की, आत क, हलन्त, ष असे तीन नंबर आणि डोळ्याला एक अक्षर. अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत, त्यामुळे शब्दात फट दिसली म्हणजे चूकच असं समजू नका.

चूक होते ती सॉफ्टवेअरला ही जोडणी जमत नसेल तेव्हा. नंबर सगळे बरोबर असतात, पण अक्षरं सुटी पडतात आणि वर डावीकडून उजवीकडे लागतात, म्हणजे शब्दच उलटा. सुरुवातीच्या काळात आमच्याकडून असा एक बोर्ड गेला होता, आमच्यात तेव्हा कोणाला उर्दू वाचता येत नव्हतं, लावताना शेजारच्या चाचांनी बघितलं आणि थांबवलं. बोर्ड आम्ही नवीन करून दिला, पण त्या माणसाचं उद्घाटन त्या दिवशी बोर्डाशिवाय झालं, त्याचं आजही वाईट वाटतं.

दुसरी भानगड कीबोर्डची. काफ या अक्षराचा नंबर अरबी कीबोर्डवर ०६४३ आणि उर्दूवर ०६ए९, 'ये' या अक्षराचेसुद्धा दोन, अरबी ०६४ए आणि उर्दू ०६सीसी. शब्दाच्या मधे दोन्ही सारखेच दिसतात, शेवटी आले की फरक कळतो, अरबी ये ला खाली दोन नुक्ते (टिंबं) येतात, उर्दूच्या ये ला नाहीत. छपाईत एकवेळ चालून जाईल, पण सभासदांची यादी असेल तर एकच नाव दोन प्रकारे टाइप झालेलं असतं आणि सर्च केलं की अर्धीच नावं सापडतात. म्हणून उर्दू मजकूर उर्दू कीबोर्डवरूनच टाइप करा, प्लीज.

पीडीएफमधून कॉपी करून पाठवू नका. त्यात बऱ्याचदा अक्षराऐवजी तयार आकारांचे नंबर येतात, ते जुन्या सिस्टिमसाठी युनिकोडमध्ये वेगळे ठेवलेत, फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं. इनपेजची (उर्दू टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरची) जुनी फाइल असेल तर तशीच आणा, ती युनिकोड नसते, आम्ही कन्व्हर्ट करून घेऊ. आणि बिस्मिल्लाह... ते पूर्ण वाक्य युनिकोडमध्ये एका नंबरवर आहे, एफडीएफडी, पण पुष्कळ फॉन्टमध्ये ते नसतं आणि तिथे नुसता चौकोन येतो, म्हणून ते आम्ही कायम वेगळं लावतो आणि दोनदा बघतो, त्यात चूक होऊन चालणारच नाही.

मोबाइल नंबर सलग लिहा, मधे स्पेस नको. ओळ उजवीकडून सुरू होते पण आकडे डावीकडून वाचतात, स्पेस दिली की मागचे पाच आकडे पुढे येऊन बसतात आणि पाहुण्यांचे फोन तिसऱ्याच्याच घरी जातात.

मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करूनच पाठवा, सोबत हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो जोडा म्हणजे आम्हाला ताडून बघता येईल. प्रूफ आलं की घरातल्या उर्दू वाचणाऱ्या मोठ्या माणसाला दाखवा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही मशीन चालू करत नाही.